एका वेळी एकच

ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थच्या क्लेम हार्ग्रेव्हचा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेला. पाठ वाकली, पण अंगातला खट्याळपणा काही सुटला नाही. कुणाच्याही घरी गेला की आधी पोरंच त्याच्या गळ्यात पडायची. त्यातही नात पिपा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

पिपाच्या वाढदिवसाला मागच्या अंगणात ट्रॅम्पोलिन आलं. तिच्या आईने, रोंडाने, भोवती उंच जाळी लावून घेतली, स्प्रिंगा गादीने झाकल्या आणि सगळ्यांना बजावलं, "एका वेळी एकच! बाबा, हे तुलाही लागू आहे हं."

"मी काय पोर आहे?" क्लेम म्हणाला.

"त्याहून वाईट आहेस!"

नाताळचा दुसरा दिवस होता. ऊन मी म्हणत होतं. मंडळी सावलीला बसून आदल्या दिवशीचं हॅम खात होती. पिपाने क्लेमचा हात ओढला. "आजोबा, माझ्याबरोबर उड्या मार ना!"

"तुझी आई फाडून खाईल मला."

"ती आत केक कापतेय. चल ना, एकदाच!"

क्लेमने बूट काढले. पहिल्या उडीला पिपा खिदळली. दुसऱ्या उडीला त्याचं जड अंग खाली आलं, नेमकी तेव्हाच ती टेकली आणि गोफणीतल्या दगडासारखी वर फेकली गेली. जाळीने तिला बाहेर जाऊ दिलं नाही. पण ती आतच पडली, मानेवर.

"आजोबा, माझे पाय कुठे गेले?" तिने अगदी हळू विचारलं.

तो तिला उचलायला वाकला, तोच रोंडा धावत आली. "हलवू नकोस तिला! डोकं धर नुसतं!"

अँब्युलन्स येईपर्यंत तो ते इवलंसं डोकं दोन्ही तळव्यांत धरून गुडघ्यांवर बसून राहिला.

पिपा वाचली. पाय मात्र गेले ते गेलेच. रोंडाने बापाला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं क्लेमला वाटायचं.

मग तो कुणाच्या कुंपणापलीकडे ट्रॅम्पोलिनवर दोन डोकी एकदम उडताना दिसली की त्या घराचं दार वाजवू लागला. "आला बघा ट्रॅम्पोलिनचा हवालदार," लोक हसायचे. तो ऐकून घ्यायचा. "एकेकालाच सोडा. आणि मोठ्यांनी तर चढूच नका," एवढंच सांगून निघायचा. का, ते त्याच्या तोंडून कधी निघालंच नाही.

रविवारी तो पिपाची चाकांची खुर्ची ढकलत नदीकाठी न्यायचा. एकदा तिने मागे वळून विचारलं, "आजोबा, त्या दिवशी मी किती उंच गेले होते? मला आठवतच नाही."

क्लेम थांबला. "पुष्कळ उंच," तो म्हणाला.

"मजा आली होती का मला?"

"हो गं, बाळा. हसत होतीस."

पुढे त्याला खुर्ची ढकलवेना. तो तिथेच गवतावर बसला, आणि पिपा वाकून, हात जेमतेम पुरत होता तरी, त्याच्या खांद्यावर थोपटत राहिली.