उजवी पाकळी

मुलगा फोनवर दर वेळी म्हणतो, आता खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, तुम्हां दोघांना तिकडे कशी शांती असेल. तो पणजीत राहतो. त्याच्या खिडकीखाली दिवसभर हॉर्न वाजतात, म्हणून त्याला तसं वाटतं. मी हो म्हणते आणि फोन ठेवते. बाईचे केस पांढरे झाले, ती नेमाने देवळात जाते, नवरा अंथरुणाला खिळलाय, म्हणजे तिला काहीतरी उमगलेलं असणारच, असा लोकांचा समज असतो. मला काहीएक उमगलेलं नाही. आवाज नाही, एवढंच.

माझं माहेर पेडण्यातलं, पार्से. तिथे काजू आणि माड, पाणी विहिरीतून ओढायचं. लग्न होऊन डिचोलीत पाळीला आले आणि सासरचं कुळागर, पोफळींची बाग, बघून थक्क झाले. डोंगराच्या पोटातून झर यायची आणि दगडी पाटातून पोफळींच्या मुळाशी फिरत फिरत थेट न्हाणीपर्यंत पोचायची. भर चैत्रात पाटात पाय घातला तरी शहारा यायचा. आमचे हे सगळ्यांना सांगत, हिने मला कुठे पसंत केलं, हिने पाट पसंत केला. खरंच होतं ते, मी कधी नाकारलं नाही.

हे मोठे थट्टेखोर. भाषेचं आंदोलन पेटलं होतं तेव्हा गावात दोन तट पडले, सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पिईनात. आमच्याकडे कोणी वाद घालायला आला की हे त्याला चहा देऊन सांगत, आमच्या घरात आरती मराठीतून होते आणि भांडण कोंकणीतून, दोन्ही भाषा सुखरूप आहेत, तू जा. गोवा घटकराज्य झालं त्याच साली पाटाचं पाणी पहिल्यांदा कमी झालं. हे म्हणाले, पाणी शपथविधीला पणजीला गेलंय, येईल चार दिवसांत. मी पोट धरधरून हसले होते. पुढे पाट आटलाच, आणि त्यांना सकाळी डोळे उघडल्याबरोबर "पाणी आयलें?" असं विचारायची सवयच लागली, आणि मी पाटाकडे बघून येऊन नाही म्हणायची.

पाणी कुठे गेलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. डोंगराच्या पलीकडून खाण खाली खाली उतरत आमच्या झरीच्याही खाली गेली होती. खड्ड्यात जमलेलं पाणी पंपाने उपसून ओहोळात सोडत, तांबडंलाल. दुपारी खाणीचा भोंगा व्हायचा, मग सुरुंग. मांडणीवरची भांडी खुळखुळायची. भोंगा ऐकला की मी चुलीवरचं मडकं फडक्याने धरून उभी राहायची, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. शेजाऱ्यांनी एकेक करून जमिनी दिल्या आणि ट्रक घेतले. आमच्याकडेही खाणीचा माणूस येऊन गेला. कुळागर द्यायचं की ठेवायचं, यावर आमच्यात रोज खटके उडू लागले. मला द्यायचं नव्हतं, पण उपाशी मरायचीही हौस नव्हती. शेवटी हे म्हणाले, देवीचा कौल घेऊ. झर परत येणार असेल तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू.

आमच्याकडे कौल म्हणजे पाकळ्या. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी चटकन पडते, कधी बसून बसून पाय आखडतात. त्या दिवशी आम्ही सकाळचे बसलो होतो. एकही पाकळी हलली नाही. दुपार झाली, भोंगा झाला, आणि सुरुंग उडाला तशी मांडीखालची जमीन दणकली. समईची ज्योत लवली आणि उजवी पाकळी टपकन खाली आली.

गुरवाने "उजवी" म्हणून हात जोडले. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पाकळीच काय, पाण्याने भरलेला तांब्यासुद्धा हलला होता. तो होकार देवीचा नव्हताच, ज्या सुरुंगाने आमची झर गिळली त्याचाच होता. बोलायला मी तोंड उघडलं आणि यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते आणि डोळे भरून आले होते. मनात आलं, या माणसाजवळ एवढंच उरलंय, ते मी कशाला हिसकावू. मी तोंड मिटलं आणि तीर्थ घेतलं.

कुळागर ठेवलं. त्यानंतर दर वर्षी जत्रेच्या आधी आम्ही कौलाला बसायचो आणि बहुतेक वेळा उजवीच पडायची. खाणीच्या, म्हणजे उजव्या बाजूने देवळाचा चौथरा जरासा खचला होता, त्याचाच तो गुण असावा. देवी सकाळी ताटकळत ठेवते आणि दुपारी लवकर बोलते, असं गावात सगळेच म्हणू लागले होते. लोक घरची कामं उरकून भोंग्याच्या सुमारालाच यायचे. मला मनात हसू यायचं आणि लगेच स्वतःचीच चीड यायची. गप्प बसले ती बसलेच.

पोफळी शेंड्याकडून वाळत गेल्या. पानवेली तर आधीच गेल्या होत्या. प्यायला टँकर यायचा, त्यातल्याच कळश्या वाहून मी दारातली थोडी झाडं जगवली. हे मात्र दर पावसाळ्यानंतर कोरडा पाट साफ करायचे, फटी चिकणमातीने लिंपायचे. रस्त्यावरून जाणारे हसत. हे त्यांना सांगत, पाहुणा येणार आहे, वाट नीट नको का? लोकांबरोबर मीही हसायची. घरात येऊन रडायची, तेही सांगून टाकते.

मग खाणी बंद पडल्या. ट्रकांवर ताडपत्र्या चढल्या, माणसं नाक्यावर नुसती बसून राहू लागली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण माझ्या मनात एकच, आता पाणी येईल. पावसामागून पाऊस गेले. खड्डा भरला, तिथे हिरवंगार तळं झालं. ते पाणी आमच्या खालच्या अंगाला, वर कसं चढणार? आमचा पाट कोरडाच राहिला.

गेल्या वर्षी हे न्हाणीत पडले, अर्धं अंग गेलं, ते अंथरुणातून उठलेच नाहीत. जत्रा जवळ आली तसं म्हणाले, यंदा तू एकटी जा, पण कौल घे. मी गेले. जुना गुरव वारला, आता त्याचा मुलगा असतो. त्याने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. दुपार झाली, दुपार कललीही. माझी भोंग्याला शिव्या देण्यात हयात गेली, आणि तिथे बसून मी कान टवकारून त्याचीच वाट बघत होते. पाकळ्या जागच्या जागी वाळल्या, त्यांच्या कडा मुडपल्या, पण एक सुटली नाही. गुरव ओशाळून म्हणाला, देवी आज बोलत नाही, उद्या या. मला देवीचा राग आला. इतकी वर्षं दुसऱ्याने हलवलं म्हणून हललीस, आता स्वतःहून एक पाकळी टाकवत नाही?

उजवी पडली असं सांगायचं वाटेत पक्कं केलं होतं. उंबऱ्यात पाय ठेवला तर यांनी विचारलं, पडली? आणि माझ्या तोंडून "नाही" निघून गेलं.

हे हसले. अर्धंच तोंड हलतं आता. म्हणाले, "भोंगो वाजना आतां. पाकळी पडटली कशी?"

मी खाटेच्या पायथ्याशी बसले. म्हणजे यांना ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. जमीन यांच्याही मांडीखाली हललीच होती. मी तोंड उघडलं ते यांना वाटलं आनंदाने, आणि हिला आता खरं सांगून काय मिळवायचं म्हणून हे गप्प बसले. यांचे डोळे भरून आले ते त्यामुळे. कौलावर दोघांचाही विश्वास नव्हता आणि दोघांनी मिळून त्याच्यावर आयुष्य काढलं.

मग इथे राहिलो तरी कशासाठी? मी विचारलं, "मग आमी हांगा रवलीं कित्याक?"

"आनी वतलीं खंय?" हे म्हणाले.

खरंच, जाणार होतो कुठे. मग आम्ही दोघं हसलो, बराच वेळ, त्यांना खोकला लागेपर्यंत. मी पाठ चोळली, पाणी पाजलं, टँकरचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. मी पाटाकडे बघून येऊन खाटेजवळ उभी राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. त्यानंतर आजवर विचारलेलं नाही.