अडीच महिने बिनमाशांची टाकी

मंजुषा पगार मूळच्या नामपूरच्या. नाशिकला इंदिरानगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांना बावीस वर्षं झाली. लोकांचं रक्त काचेच्या पट्टीवर घ्यायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं, रिपोर्ट लिहायचा. लग्न जमता जमता राहिलं आणि मग आईला अर्धांगवायू झाला. आईचं सगळं अकरा वर्षं त्यांनीच केलं. आई गेल्यावर धाकट्या भावाने, अमितने, हॉलमधली लोखंडी कॉट भंगारात दिली. ती मोकळी जागा इतकी भकास दिसायची की मंजुषाताई संध्याकाळी चहा घेताना तिकडे पाठ करून बसायच्या.

दातांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघताना त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदा पाहिली. नंबर लागला तरी त्या उठेनात. दोन महिन्यांनी त्या मोकळ्या जागी तशीच टाकी आली. समुद्र राहिला घाटाखाली. इथे आरओच्या पाण्यात पाकिटातलं मीठ तोलून घालायचं आणि समुद्र करायचा. त्यांना ते जमलं. मोजमापाची सवय होतीच. पट्ट्यापट्ट्यांची नारिंगी क्लाउन माशांची जोडी, एक चपटा निळा टँग मासा, खडकाखाली राहणारी लाल पाठीची कोळंबी आणि काही गोगलगायी. लॅबमधून आल्यावर कुलूप काढताना मोटरची घरघर ऐकू यायची, तेवढं त्यांना पुरत होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या कॉलेज रोडवर महेशच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मीठ आणायला गेल्या. तिथे कोपऱ्यातल्या छोट्या टाकीत एक पिवळा मासा एकटाच काचेला तोंड लावून उभा होता.

"मुंबईहून कालच आलाय, मॅडम. ठणठणीत आहे."

नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायचा असतो, हे त्यांना माहीत होतं. पण पुन्हा एकट्याला टबात ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी त्याला सरळ इतरांत सोडलं.

पाचव्या दिवशी त्याच्या कल्ल्यांवर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले. त्यांनी महेशला फोन केला.

"प्रवासाचा ताण असेल, मॅडम. लसूण घालून खायला द्या, जाईल."

आणि खरंच तीन दिवसांत ठिपके गेले. मंजुषाताईंनी त्या दिवशी स्वतःसाठी शिरा केला. पण आठवड्याने ठिपके परत आले, सगळ्या माशांवर आले, आणि पिवळा मासा तळाशी आडवा पडून धापा टाकू लागला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

त्याच्या कल्ल्याचा तुकडा टाकीच्याच पाण्यात घालून त्या लॅब उघडायच्या आधी जाऊन बसल्या. मायक्रोस्कोपखाली दिसला तो गोल, काळसर जीव, कडेला बारीक केसांची झालर, आणि जागच्या जागी सावकाश गरगरणारा. आता सगळा उलगडा झाला. ठिपके गेले म्हणजे रोग गेला नव्हता. परजीवी पोट भरून गळून वाळूत पडले होते, तिथे कवच करून बसले होते, आणि एकेकातून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत निघाली होती. मलेरियाचा ताप उतरला म्हणून कुणी बरा झाला असं त्या कधी मानत नसत. इथे मात्र मानलं होतं.

औषध म्हणजे तांबं. ते टाकीत घातलं तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात. म्हणून उरलेले तिन्ही मासे पाहुण्यांच्या खोलीत टबात आणायचे, तिथे मोजून तांबं द्यायचं, आणि मोठी टाकी अडीच महिने बिनमाशांची ठेवायची, म्हणजे परजीवी उपाशी मरतात. त्यांनी लॅबच्या डॉक्टरांकडे चार दिवसांची रजा मागितली.

"घरी कुणी आजारी आहे का?"

"हो."

"कोण?"

"घरातलंच," त्या म्हणाल्या.

ओझरहून अमितचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "ताई, मासेच ना? दुसरे आण की."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तो प्रेमानेच बोलला होता. तरी त्यानंतर आठवडाभर त्यांनी त्याला फोन केला नाही.

टबात निळा टँग तिसऱ्या दिवशी गेला. जोडीतली मोठी मादी बाराव्या दिवशी. नर राहिला. तो टबातल्या प्लॅस्टिकच्या पाइपात शिरून बसायचा, खायला टाकलं की तेवढा बाहेर यायचा.

हॉलमधले दिवे त्या रोज लावत होत्या. पाणी बदलत होत्या. माशांविना टाकीत नुसते खडक आणि उजेड. एका रविवारी काचेवरचं शेवाळ काढायला त्यांनी हात आत घातला, तर कोळंबी खडकाखालून बाहेर आली. माशांच्या अंगावरची घाण टिपून खाणं हा तिचा धंदा, आणि मासेच नव्हते. ती लांब मिशा हलवत त्यांच्या मनगटावर चढली आणि नखांच्या कडा टोकरू लागली. आई गेल्यापासून त्यांच्या हाताला असं कुणी लागलं नव्हतं. हात अवघडून बधिर होईपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही.

मधल्या काळात महेश घरी येऊन गेला. पिशवीत एक छोटा क्लाउन होता.

"त्या खेपेतले माझे सगळे गेले, मॅडम. मला कळायला हवं होतं. हा तुमच्यासाठी आणलाय, असाच."

"चूक माझीही आहे. मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. मासा त्यांनी परत पाठवला, पण दुसऱ्या दिवशी महेशला लॅबमध्ये बोलावून पिवळ्या माशाच्या कल्ल्याची जपून ठेवलेली पट्टी दाखवली. तो बराच वेळ डोळा लावून बघत होता. आता त्याच्या दुकानात नवे मासे महिनाभर मागच्या खोलीत असतात.

फेब्रुवारीत अडीच महिने भरले. मंजुषाताईंनी नराला मगात घेऊन हॉलमध्ये आणलं आणि हळूच सोडलं. तो एक दिवस खडकामागे लपून राहिला, मग पोहू लागला.

पुढच्या रविवारी अमितच्या मुलीने, तृप्तीने, व्हिडिओ कॉल केला. मंजुषाताईंनी फोन टाकीकडे धरला.

"आत्या, एकटाच आहे?"

"हो, एकटाच. पण आता खातो नीट."