मनकर्णाबाईची बक्कलं

भाजी विकायची तेव्हा मनकर्णाबाई रोज सकाळी तराजूची पारडी अदलाबदल करून पाहायची, आणि तराजू तिचा स्वतःचाच असायचा. अशा बाईला बसमालक शेषरावांनी आपल्या शाळेच्या बसवर पोरं सांभाळायला ठेवलं, म्हणजे डोकेदुखी घरी बोलावून आणली. शाळा अकोल्याची, पोरं बाळापूर रस्त्यावरच्या खेड्यांमधली, एकूण बत्तीस. त्यांतच तिची नात खुशी, पहिलीतली.

उन्हाळ्यात बसच्या कंपनीचं पत्र आलं. या बसमधल्या सीटच्या पट्ट्यांची बक्कलं धक्क्यानं सुटतात, गाडी आणा, फुकट बदलून देतो. फुकट म्हटल्यावरच बाईच्या कपाळाला आठी पडली. शेषराव बस घेऊन अमरावतीला गेले, दुसऱ्या दिवशी परत आले आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाले की सगळी बदलली. चोराच्या मनात चांदणं, बाईनं मनात म्हटलं. पट्टे तर तेच होते. लहानग्यांना आपली जागा कळावी म्हणून तिनं घातलेले लाल दोऱ्याचे टाकेही जिथल्या तिथे. पट्टा तोच राहतो, बक्कल तेवढं बदलतं, असं शेषरावांनी दोनदा समजावलं. दोनदा समजावलं म्हणून संशय दुप्पट झाला.

त्यात बक्कलांची बटणं घट्ट. पहिलीतल्या बोटांना दबेनात. जुनीच बक्कलं घासूनपुसून बसवली, हे तिनं ठरवूनच टाकलं आणि गावोगावच्या आयांच्या कानावरही घातलं. मग घरून जवसाच्या तेलाची बाटली आणून बत्तीसही बक्कलांत थेंब थेंब तेल सोडलं. बटणं चालू लागली. मालकानं केलं नाही ते आपण केलं, या समाधानात महिना गेला.

एका सकाळी बाळापूरच्या अलीकडे म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि खुशीचा पट्टा सुटला. पोरीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. तीन टाके पडले.

मग बाई कोणाला ऐकते? दुपारी खुशीला सोबत घेऊन शाळेच्या फाटकाशी तिनं पालक गोळा केले. मालकावर पोलिसांत तक्रार करायचं ठरलं. जाण्याआधी पुरावा हवा म्हणून तिच्याच हट्टानं नागसेन मेकॅनिकनं सगळ्यांसमोर खुशीच्या सीटचं बक्कल उघडलं. आत साल कोरलेलं होतं, यंदाचं. माल नवाच होता. आतली खीळ मात्र पिवळ्या चिकट थरात आणि धुळीत अर्ध्यावर अडकली होती, त्यामुळे पट्टा नीट धरतच नव्हता.

हलकं ग्रीस भरलं मालकानं, असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. शेषराव नाही नाही म्हणत होते. त्यांचं कोण ऐकणार? महिनाभर बाईनंच त्यांचं नाव खराब करून ठेवलं होतं.

बाईला वास घ्यायचीही गरज नव्हती. जवसाचं तेल सुकलं की डिंकासारखं धरतं, हे तिला घरच्या बाटलीच्या तोंडाशी रोज दिसत होतं. गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं. तिनं खुशीच्या कपाळावरची पट्टी पाहिली आणि तिला स्वतःची शरम वाटली.

"ग्रीस नाही ते," ती म्हणाली. "जवसाचं तेल हाय. म्या टाकलं. नागसेनभाऊ, बत्तीसही उघडा, एक बी सोडू नका."

शेषरावांनी तिला कामावरून काढलं नाही. बाटली घरीच ठेवत जा, एवढंच म्हणाले. बक्कलं पुन्हा बदलून आणली.

आता प्रत्येक आई बसमध्ये चढते, पोराचा पट्टा स्वतः ओढून पाहते आणि मगच उतरते. पहिल्या दिवशी आरती नावाच्या एका आईनं बाईला पाहून ओशाळून हात मागे घेतला.

"वढून पाहा ना," बाई म्हणाली. "माह्यावर भरवसा ठेवू नका. म्या बी ठेवत नाही."