विहिरीच्या वरचा उतार

ही हकिकत सांगायचं मी तेरा वर्षं टाळलं. सीमेवरच्या पोस्टिंगबद्दल शाळेत भाषणं केली, पण ही कधी सांगितली नाही. आता वय शहात्तर. चुकीचा रिपोर्ट दुरुस्त करायचा आहे.

आधी फौजेतलं सांगतो. मी नायक असताना आमची कंपनी डोंगरातल्या एका कॅम्पवर होती. पाणी आणि लॅट्रिन ही माझी जबाबदारी. तिसऱ्या आठवड्यात चौदा जवान पोट धरून आडवे झाले. मी रेडिओवर कळवलं.

"चौदह जवान बीमार. ओव्हर."

"कारण? ओव्हर."

"लंगर पे शक है. ओव्हर."

लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर. मी आचाऱ्यावर पहारा बसवला. दुसऱ्या दिवशी ११०० वाजता डॉक्टर कॅप्टन आले. ते लंगराकडे गेलेच नाहीत. म्हणाले, "पहले ढलान दिखाओ." उतार बघितला, तर लॅट्रिनचा चर आमच्या पाण्याच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला निघाला. तो मीच खणून घेतला होता. चर बुजवला, पाणी उकळून द्यायला लागलो, जवान उठले. आचाऱ्याशी मी त्या विषयावर बोललो नाही.

नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि वैशाखऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर आलो. पंधरा ऑगस्टला शाळेची परेड मी घ्यायचो. एका वर्षी पहिलीच्या मुलांना हुकूम दिला, "लंबा दाहिने, छोटा बाएं." पोरं उंचीप्रमाणे लागली. डाव्या टोकाची नऊच्या नऊ आमच्या पाड्यावरची. सगळ्यांत शेवटी माझी नात छाया.

मागून कोणीतरी म्हणालं, "सुभेदार, तुमची पलटण बुटकी रे."

ही नऊही पोरं पाड्यावरच्या अंगणवाडीतून आलेली. तिथला आहार जातो कुठं, हा संशय माझ्या डोक्यात त्याच दिवशी बसला. सेविका वनिता, पाड्याचीच सून. मी समोरच्या ओट्यावर बसून वहीत टिपणं करू लागलो. ०९१०, दार उघडलं. १०३०, खिचडी वाढली. १२४०, पिशवी घेऊन विहिरीच्या वाटेनं गेली. आठवड्यात दोनदा तीच पिशवी, तीच वाट.

एके दिवशी मी तिला वाटेत अडवलं.

"पिशवीत काय?"

"विहिरीत टाकायची पावडर, जंतू मारायची."

"दाखव."

"फौजेत बायांच्या पिशव्या तपासत होते का, काका?" पाण्याला आलेल्या बायका हसल्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "छाया घरी दूध पिते, अंडी खाते. आमी तिचं काय चोरलं? मग ती का नाय वाढली?"

प्रश्न बरोबर होता. मला तो उद्धटपणा वाटला. वनिता पोरांचा आहार पळवते असा मी अर्ज लिहिला, पाड्याच्या सह्या घेतल्या. माझ्या शब्दाला वजन होतं. दोन महिन्यांत तिला काढलं. ती नवऱ्याला घेऊन शहापूरकडे माहेरी निघून गेली.

पुढं खिचडी माझ्या देखरेखीखाली शिजू लागली. सहा महिन्यांनी अंगणवाडीतल्या पोरांचं मोजमाप झालं. पोरं होती तिथंच.

मग आरोग्य केंद्राची सिस्टर आली. मी वही पुढं केली. तिनं ती उघडली नाही. म्हणाली, "जेवणाचं मागून बघू. आधी विहिरीच्या वरचा उतार दाखवा."

मी वही काखेत मारली आणि तिला वर घेऊन गेलो.

पाड्यावर घरोघरी संडास बांधलेले होते. कुणाच्या संडासात लाकडं, कुणाच्या गोवऱ्या. आमच्या संडासात माझी काळी ट्रंक. आम्ही मोठी माणसं टमरेल घेऊन त्या उतारावर जायचो. मी रोज ०५४० ला, विहिरीवरूनच. लहानग्यांचं सुना तिथंच नेऊन टाकायच्या. लेकराची घाण ती काय घाण, असं आमच्याकडं म्हणतात. पावसात सगळं खाली विहिरीकडं उतरायचं.

सिस्टर म्हणाली, "दर वेळी जुलाब दिसतीलच असं नाही. जंतू सारखे पोटात गेले की आतडं आतून खराब होतं. खाल्लेलं अंगी लागत नाही. पहिल्या दोन वर्षांत राहिलेली उंची पुढं भरून निघणं अवघड असतं."

त्या दुपारी मी ट्रंक बाहेर काढली. बाकीच्यांना लाकडं काढायला दोन वर्षं लागली. वनिताचं नाव मात्र मी कुणापुढं घेतलं नाही.

यंदा छाया पोलीस भरतीला गेली. धावण्याची तयारी तिनं दोन वर्षं केली होती. उंचीच्या पट्टीखालूनच परत फिरली. "आजोबा, तीन बोटं कमी पडली," एवढंच म्हणाली आणि बूट काढून ठेवले. ती तीन बोटं उतारानंच खाल्ली, असं शपथेवर सांगता येणार नाही. पण मला दुसरं काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी ०७१५ च्या एसटीनं निघालो. वनिताचं माहेर भातसानगरच्या पुढं. भावानं पाणी दिलं. भिंतीवर तिचा फोटो होता, हार घातलेला. पौषात गेली, म्हणाला. तापाचं निमित्त झालं.

"तुमी कुठल्या पाड्यावरचे?" त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"ताई सारखी विचारायची. तिकडचं कोणी भेटलं की म्हणायची, विहिरीत पावडर कोण टाकतं रे आता?"

मी उठलो आणि फोटोसमोर सावधान उभा राहिलो. एसटीत तासभर घोकलेलं एकच वाक्य होतं. भाऊ बघत होता. तोंडून निघालं नाही, म्हणून इथं लिहितो.

वनिता, माझा रिपोर्ट खोटा होता. मला माफ कर.