शेवंताबाईनं घासलेलं घड्याळ

तेजरामचं दुकान पाहायचं तर आधी वाकावं लागे. बालाघाटच्या बाजारात एका कापडवाल्याच्या जिन्याखाली जेवढी जागा उरली, तेवढी त्याची. मांडी घातली की गुडघा भिंतीला आणि डोकं पायरीला. वर गिऱ्हाईक चढलं की ह्याच्या डोक्यावर धूळ पडायची, आणि हा डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून कुणाच्या तरी लग्नातल्या घड्याळाची केसाएवढी कमान सरळ करत बसलेला. सोळा वर्षं असं बसल्यावर मान वाकडी होणार नाही तर काय होईल?

मन मात्र नागपुरात अडकलेलं. काम तो तिथंच शिकला होता. वडील आजारी पडले म्हणून चार दिवसांसाठी घरी आला आणि राहिला तो राहिलाच. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर पलीकडे गेलं, तेजराम अलीकडे, हिंदी मुलखात. कुणी बेड्या घातल्या नव्हत्या, गाडी रोज सुटत होती. पण बायको, आई, जिन्याखालचं दुकान, आणि पोरीची हिंदी शाळा, एकेक गोष्ट पायाशी येऊन बसत गेली. नागपूरचा जोडीदार बाबूलाल दर सणाला पत्र पाठवायचा. यंदाच्या पत्रात होतं, शेजारचा गाळा रिकामा होतोय, दिवाळीपर्यंत थांबवून धरतो, पगडीच्या पैशांची सोय करून ये.

सोय घरात होती. वडील भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत मुकादम होते. तिथला गोरा साहेब मायदेशी जाताना स्वतःचं चांदीचं खिशातलं घड्याळ त्यांना देऊन गेला होता. झाकणावर साहेबाचं नाव, खाणीचं नाव आणि साल, केसाएवढ्या बारीक रेघांत कोरलेलं. जिन्याखाली जीव फारच गुदमरला की तेजराम शेवंताबाईला म्हणायचा, "ते घड्याळच आपल्याले नागपूरले नेईल."

शेवंताबाईनं ते मनावर घेतलं. दसऱ्याला नवरा आपली हत्यारं धुऊन पाटावर मांडायचा, चिमटे, पेचकस, छोटी हातोडी; आणि मधोमध ते घड्याळ. आदल्या संध्याकाळी ती चिंच भिजवायची, चुलीची राख चाळायची आणि घड्याळाचं झाकण असं घासायची की त्यात तोंड दिसावं. तेजराम कौतुकानं म्हणायचा, "आनखी थोडं जोरानं." त्यानं स्वतःही हात राखला नव्हता. तबकडीला बारीक तडा होता. त्यानं ती काढून फेकली आणि दुसऱ्या बंद घड्याळाची कोरी, लखलखीत तबकडी बसवली. त्याच्या धंद्यात चांगलं घड्याळ म्हणजे चालणारं आणि चमकणारं. गिऱ्हाइकंही तेच मागायची.

दसऱ्याला चार दिवस असताना बाबूलालनं धाडलेला मोतीलाल सेठ गोंदियाच्या गाडीतून उतरला. जुनी घड्याळं घेणारा माणूस. जिन्याखाली त्याचं पोट मावेना, म्हणून दोघं बाहेर बाकावर बसले. सेठनं मागचं झाकण उघडलं. यंत्रावरचा नंबर आणि झाकणाच्या आतला नंबर जुळला, म्हणजे यंत्र मूळचंच. सेठचा चेहरा उजळला, आणि तेजराम मनातल्या मनात नागपूरच्या गाडीत बसलासुद्धा.

मग सेठनं घड्याळ पालथं केलं.

"तबकडी कुणी बदलली?"

"म्या. तडा गेलता तिले."

"तडा असू द्यायचा होता, भाऊ. आणि बाबूलाल म्हणाला ते झाकणावरचं नाव कुठं गेलं?"

तेजरामनं भिंग लावलं. सोळा वर्षांत त्या झाकणाकडे त्यानं भिंगातून कधी पाहिलंच नव्हतं. नाव नव्हतं. खाण नव्हती. सालाचे शेवटचे दोन आकडे तेवढे उरले होते, तेही पुसट.

"बंद असतं, काळं पडलेलं असतं, तरी मी उचललं असतं," सेठ म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "चालू करणारे गल्लोगल्ली आहेत. आम्ही पैसे देतो ते जसंच्या तसं राहिलेल्याचे. आता ही नुसती चांदी. एवढे दोन आकडे तरी घासू नका, कधी कुणी ओळखणारा भेटला तर भेटला."

चांदीच्या भावात तेजरामनं दिलं नाही. सेठ परतीच्या गाडीनं गेला आणि तेजराम पुन्हा वाकून आत शिरला. त्याला रडू आलं. ज्या हातांना सगळं गाव हुशार म्हणत होतं, त्याच हातांनी त्यानं आपला रस्ता बंद केला होता. घरी मात्र तो एवढंच बोलला, "सेठ दिवाळीनंतर पाहू म्हने."

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शेवंताबाई चिंचेची वाटी घेऊन बसली. घड्याळ तिच्या पदरात होतं.

"या वर्सी राहू दे ते," तेजराम म्हणाला.

तिचा हात थांबला. "काहून जी?"

"असंच."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. तीन दिवसांपासून हा माणूस नीट जेवत नव्हता, हे तिला दिसत होतं. "माह्या हातानं काही बिघडलं का त्याचं? सेठ काही बोलला का?"

तेजरामच्या तोंडाशी सगळं आलं होतं. तिची बोटं राखेनं करडी झाली होती, चिंचेनं सुरकुतली होती. सोळा दसरे ती ह्याच बोटांनी नागपूरची वाट घासत आली होती, तीही त्याच्याच सांगण्यावरून. एक शब्द बोलला असता तर ते दोन आकडे वाचले असते.

"नाही वं," तो म्हणाला. "तुह्या हातानं काय बिघडते? घास."

ती हसली आणि घासायला लागली. तेजराम समोर बसून पाहत राहिला. झाकण लखलखायला लागलं, तसं तिनं विचारलं, "झालं का जी?"

"हौ," तो म्हणाला. "आता काही नाही राह्यलं."