साडूंच्या मुठी

हत्यारावर इतकं निर्मळ प्रेम करणारा आणि हत्याराला इतका भिणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल, असं मी माझ्या साडूंबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. माझ्या थोरल्या मेहुणीचे हे यजमान मूळचे सावंतवाडीचे आणि नोकरीनं सौदीतल्या रास तनुराचे. तिथल्या रिफायनरीत एका ठेकेदार कंपनीकडे इंजिनिअर होते. दिवाळीत पोरांनी लवंगी लावली तरी कानांत बोटं घालून आतल्या खोलीत जाऊन बसत. पण लग्नाच्या पंगतीत कुणी रिव्हॉल्व्हरला पिस्तूल म्हणालं, की हातातली जिलबी खाली ठेवून दोन्हींतला फरक समजावत आणि गोळ्यांचं चक्र कसं फिरतं ते दाखवायला शेजाऱ्याच्या पानातली आमटीची वाटी फिरवत. सिनेमा बघताना ते मोठ्यानं गोळ्या मोजत आणि नायकानं सहानंतर सातवी झाडली, की टीव्ही बंद करत. दम्मामच्या आमच्या घरी एकदा असंच झालं, तेव्हा माझी मुलगी काकुळतीला येऊन म्हणाली, "काका, प्लीज, लेट हिम शूट."

इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, असलेल्या परक्या माणसाला सौदीत छऱ्याची बंदूकसुद्धा बाळगता येत नाही आणि भारतातल्या परवान्याच्या नुसत्या अर्जानंच मेहुणीला धाप लागली होती. तेव्हा साडूंनी स्वतःपुरता मार्ग काढला. ते रिव्हॉल्व्हरच्या मुठी जमवत. नुसत्या मुठी. शिसवाच्या, फणसाच्या, रेड्याच्या शिंगाच्या. काही जुन्या बाजारातून आणलेल्या, काही फोटो बघून स्वतः कोरलेल्या. सावंतवाडीच्या घरात, जिथे इतरांचे डिनरसेट असतात त्या काचेच्या कपाटात त्या ओळीनं मांडलेल्या असत. मेहुणी पाहुण्यांना सांगायची, "लोकांकडे कप असतात, आमच्याकडे नुसते कान आहेत."

रास तनुरात मात्र त्यांना खरी रिव्हॉल्व्हरं भेटली. त्याच रिफायनरीतून निवृत्त झालेले एक सौदी गृहस्थ, अबू फहद, यांच्याकडे वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हरांचा परवान्याचा संग्रह होता. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्यांच्या बैठकीत तिघं जमत: स्वतः अबू फहद, पेशावरकडचे एक क्रेन चालवणारे खानसाहेब आणि आमचे साडू. पांढऱ्या फडक्यावर रिव्हॉल्व्हरं मांडली जात, खजूर आणि गावा, म्हणजे वेलदोड्याची अरबी कॉफी, फिरे, आणि मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी, मोडकं अरबी असं बोलत तिघं एकेका स्प्रिंगवर तास तास काढत. मी एक-दोनदा गेलो होतो. सख्खे भाऊ वाटणीच्या जमिनीकडे बघत नाहीत इतक्या आत्मीयतेनं ते तिघं त्या लोखंडाकडे बघत. अबू फहद साडूंना 'मुहंदिस', म्हणजे इंजिनिअर, म्हणत. या देशात कुणीतरी आपल्याला कामापलीकडेही ओळखतं, याचं साडूंना फार अप्रूप होतं.

अबू फहदांच्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची मूठ तडकली होती. साडूंनी तिचं माप घेतलं आणि सुट्टीत सावंतवाडीला महिनाभर बसून शिसवाची नवी मूठ कोरली. तिच्यावर खजुराचं झाडही काढलं. परत येताना दम्मामच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं विचारलं, हे काय आहे. दुसरा कुणीही शोभेची वस्तू म्हणाला असता. साडू अभिमानानं म्हणाले, "रिव्हॉल्व्हरची मूठ." मग रिव्हॉल्व्हर कुठे आहे? "माझ्या मित्राकडे."

त्यांनी नंबर दिला. अधिकाऱ्यानं त्यांच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. अबू फहदांच्या मुलानं तो घेतला आणि आमचे वडील अशा कुठल्या हिंदी माणसाला ओळखत नाहीत असं सांगून ठेवून दिला.

रात्रभर बसवून ठेवल्यावर, लाकूड ते लाकूडच आहे अशी खात्री पटली तेव्हा त्यांना सोडलं. मी आणि कंपनीचा माणूस त्यांना आणायला गेलो. मूठ तिथेच राहिली. गाडीत मी अबू फहदांचा मनसोक्त उद्धार केला. साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फोन मुलानं घेतला हो. म्हाताऱ्याला पत्ताही नसेल."

पुढच्या शुक्रवारी मीच त्यांना तिकडे घेऊन गेलो. राखणदारानं दारातच सांगितलं, बाबा झोपलेत. त्याच्यामागे पायरीवर खानसाहेबांच्या पेशावरी चपला होत्या आणि आतून वेलदोड्याचा वास येत होता. साडूंनी त्या चपला बघितल्या, राखणदाराला सलाम केला आणि गाडीत येऊन बसले. पुढे खानसाहेबांनी फोन घेणं बंद केलं. विमानतळावरची गोष्ट कंपनीत तिखटमीठ लावून पोचली आणि इकामा संपला तेव्हा तो कुणी वाढवला नाही. निरोपाच्या जेवणातही कुणी विचारलं, की साडू तेच सांगत: म्हाताऱ्याला पत्ताही नव्हता. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात, मी एक्स-रे विभागात काम करतो त्या रुग्णालयात अबू फहद छातीचा एक्स-रे काढायला आले. फार खोकत होते. त्यांनी मला ओळखलं. एक्स-रे झाल्यावर गळ्याची बटणं लावत त्यांनी विचारलं, मुहंदिस कसा आहे? कायमचा परत गेला, मी म्हणालो. ते स्टुलावर बसले. म्हणाले, "मी फोनच्या शेजारीच बसलो होतो. मुलगा म्हणाला, परवाना जाईल, घराची झडती होईल. मी गप्प राहिलो." माझ्याकडून काहीतरी ऐकायची ते वाट बघत होते. रिपोर्ट डॉक्टरांकडे मिळेल, एवढंच मी सांगितलं.

हे साडूंना सांगावं की नाही, याचा बरेच दिवस निर्णय होईना. शेवटी फोन करून सांगितलं. त्या भाबडेपणाचा एकदाचा निकाल लावावा, असं थोडं दुष्टपणानंही वाटलं असेल.



"माहीत होतं मला," साडू म्हणाले. "फोनमध्ये मागे खोकला ऐकू येत होता."

"मग सगळ्यांना ते पत्ता नव्हता, पत्ता नव्हता का सांगत होतात?"

"मग काय सांगायचं होतं? त्या गावात आम्ही तिघंच होतो हो या विषयाचे." मग त्यांनी विचारलं, "एक्स-रे कसा आला त्यांचा?"

चांगला आला, असं मी सांगितलं. तो चांगला आला नव्हता.