वाळे काढून ये

त्या बाईचं तोंड दिसलं की माझं दूध आटायचं. विक्रोळीच्या आमच्या दवाखान्यात बुधवारी लसी असायच्या आणि वजनकाट्याशेजारी ही सिस्टर बसलेली असायची, मांडीवर बाळाची लांबी मोजायची लाकडी पट्टी घेऊन. आम्ही आयांनी तिचं नाव पट्टीवाली ठेवलं होतं, आणि ते काही प्रेमाने ठेवलेलं नव्हतं.

माझी जुई पूर्ण दिवसांची, तरी दोन किलोसुद्धा भरली नाही. पोटातच वाढ कमी पडली, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या काट्याच्या आकड्यात अडकलेला. सासूबाईंनी बारशाला चांदीचे जाडजूड वाळे घातले होते, ते मी मुद्दाम पायात ठेवूनच जुईला काट्यावर ठेवायचे. पट्टीवाली आकड्याकडे बघायचीही नाही. "वाळे काढून ये. मला पोरगी मोजायचीय, चांदी नाही," हे सगळ्यांदेखत. बायका हसायच्या. त्यातल्या निम्म्याजणी पदराआड आपापल्या पोरांचे वाळे उतरवत असायच्या, पण अब्रू गेली ती माझी.

वजन वाढलं तरी बाईचं समाधान नाही. मी नाचणीच्या सत्त्वात तूप, मऊ भातात तूप असं करून जुईचे गाल वर आणले होते. हिने तिला पट्टीवर आडवी घातली, गुडघे दाबून लांबी घेतली. पोर किंचाळत होती आणि ही शांतपणे लिहीत होती. मग म्हणाली, "पोट वाढतंय, पाय वाढत नाहीत. जन्मतः बारीक असलेल्या पोरांना असं फुगवलंस ना, की पुढे साखर नि बीपी मागे लागतं." वर्षाच्या पोरीला साखर! घरी येऊन मी तिला यथेच्छ शिव्या घातल्या. सासूबाईंनी साथ दिली, "तिका काय्येक झालेला नाय. आमच्यात सगळीच बारकी."

जुई अडीच वर्षांची झाली तेव्हा मी तिच्या डोक्यावर उंच शेंडी बांधून नेली. पट्टीवालीने सगळ्यांसमोर रबर काढलं, केस दाबून बसवले. "केस वाढलेत, पोरगी नाही," म्हणाली. जन्मतः बारीक असलेली बहुतेक मुलं दोन वर्षांत उंची भरून काढतात, ही काढत नाहीये, मोठ्या इस्पितळात दाखव, असं सांगून तिने चिठ्ठी दिली. ती मी दवाखान्याबाहेरच फाडली. पुन्हा तिथे पाय ठेवला नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जायला लागले. ते फक्त वजन बघायचे आणि छान म्हणायचे. मला तेच ऐकायचं होतं.

दीड वर्षाने ती मासळीबाजारात भेटली. हातात बांगड्यांची पिशवी. काय कशी विचारायच्या आधी तिने जुईची शेंडी सोडली, तिला खांबाला टेकवून उभी केली आणि वितीने मोजली. मी भडकले. तुमचा काय संबंध, असं ओरडले. कोळणींचा भावताव थांबला.

"मला शिव्या दे," ती म्हणाली, "पण उद्या हिला घेऊन जा. उंची उधार मिळत नाही गं."

तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला होता. त्यानेच मी घाबरले.

हॉर्मोनच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, उंची वाढायची रोजची सुई सुरू केली. अजून वेळ गेलेली नाही म्हणाले. आधी का आणली नाही, हेही विचारलं. मी सासूबाईंकडे बघितलं, त्या जमिनीकडे बघत होत्या.

पहिल्या वर्षाची वाढ सांगायला मी पेढे घेऊन दवाखान्यात गेले. पट्टीवाली त्याच आठवड्यात निवृत्त होऊन गावी गेली होती. तिचा नंबर कोणाकडे नव्हता, किंवा मला द्यायचा नव्हता. मी तिच्याशी गोड बोलले असते असंही नाही. ती बाई मला आजही आवडत नाही. इतकं खरं बोलायला इतकं टोचून बोलावं लागतं का, हा माझा राग अजून तसाच आहे.

जुई आता नऊ वर्षांची आहे. वर्गात सगळ्यात पुढे उभी राहते, पण बाकीच्यांच्या कानापर्यंत पोचली आहे. दर तीन महिन्यांनी मोजायला नेते, तेव्हा ती न सांगता चपला काढते, केस सोडते आणि भिंतीला टेकते. परवा म्हणाली, "आई, मी आधी आले असते तर अजून उंच झाले असते का गं?"

हो म्हणाले. ते दीड वर्ष पट्टीवालीच्या माथी मारता येत नाही.